डोंगरउतारावर घर बांधताना: आधी पाण्याची वाट, मग जोतं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डोंगराच्या पायथ्याच्या गावांत सगळीकडे जेसीबीचा आवाज असतो. पावसाआधी जोतं काढून घ्यायचं म्हणून घाई चाललेली असते. दोन दिवसांत डोंगराची कूस कापली जाते, निघालेला मुरूम पुढच्या बाजूला ढकलून सपाट चौक होतो आणि घरमालक त्या चौकाकडे बघून खूश असतो. मागे उभ्या राहिलेल्या कापाकडे कुणी वळून बघत नाही.

आमच्या घरामागेही असाच दोन पुरुष उंचीचा काप होता. त्याला टेकून चांगली जाड दगडी भिंत बांधलेली, सिमेंटात, एकही फट नसलेली. तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी मागचं दार उघडेना. भिंत पोटातून फुटून पडवीवर आली होती आणि तिच्यामागून गढूळ पाणी वाहत होतं. माणसांना काही झालं नाही. भिंत मजबूत होती, पण मागं साठलेल्या पाण्याला बाहेर पडायला तिच्यात एक छिद्रही नव्हतं. त्या दिवसापासून डोंगरावरचं घर म्हटलं की मी आधी पाण्याबद्दल विचारतो.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीयेत ऐंशीहून अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. यादीत नाव असेल तर सावध व्हावं, पण नसलं म्हणून निश्चिंत होऊ नये. खाली लिहितो ते सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्या, ग्रामपंचायती आणि लहान नगरपंचायती डोळ्यासमोर ठेवून.

जमीन घेण्याआधी: उतार स्वतः मोजा

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (ती २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झाली) मूळ नियम असा आहे की १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करता येत नाही. म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ किंवा उतार असेल, तर ती जागा घरासाठी नाही. अंशांत हा उतार साधारण सव्वाअकरा येतो. डोळ्यांना तो फार वाटत नाही आणि तिथंच लोक फसतात. दलाल ज्याला ‘थोडी चढाची जागा, पण व्ह्यू मस्त’ म्हणतो ती पुष्कळदा या मर्यादेच्या पलीकडची असते.

मोजायला यंत्र लागत नाही. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी, गवंड्याची पाणसळ आणि टेप पुरे. पट्टीचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा, पाणसळ लावून पट्टी आडवी करा आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचं उभं अंतर मोजा. ते ४० सेंटीमीटरपेक्षा जास्त भरलं, की उतार १:५ च्या पुढे गेला. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. वरच्या हद्दीपासून खालच्या हद्दीपर्यंत आठ-दहा ठिकाणी मोजा आणि आकडे वहीत लिहा. हे काम जमीन सपाट करण्याआधी करायचं. जेसीबी फिरल्यावर मूळ उतार दिसत नाही, आणि काही विक्रेते जमीन आधीच सपाट करून दाखवतात ते यासाठीच. अशा वेळी शेजारच्या न कापलेल्या जमिनीवर मोजमाप घ्या.

दुसरी खात्री नकाशावर होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) उंचीच्या दर २० मीटरला काढलेल्या असतात. हिशेब सोपा आहे: १:५ उतारावर २० मीटर चढायला १०० मीटर आडवं अंतर लागतं, आणि १०० मीटर म्हणजे त्या नकाशावर दोन मिलिमीटर. तुमच्या जागेपाशी दोन रेषांमधलं अंतर दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर तिथला डोंगर घर बांधण्याच्या लायकीचा नाही. तुमच्या एका गुंठ्याचा निकाल या नकाशावरून लागणार नाही, पण तुमच्या डोक्यावर काय उभं आहे ते नक्की कळेल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशभरातल्या दरडप्रवण भागांचे नकाशेही याच प्रमाणावर केले आहेत आणि ते त्यांच्या ‘भूकोश’ या पोर्टलवर बघायला मिळतात. तिथं तुमच्या डोंगराचा रंग कोणता ते एकदा जरूर पाहा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. खासगी वन किंवा वनविभागाचा उल्लेख असेल तर तिथंच थांबा. झोन दाखला घ्या, म्हणजे जागा शेती, वनीकरण, डोंगरमाथा-डोंगरउतार की रहिवास क्षेत्रात आहे हे कळतं. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. वरची नियमावली राज्यात सगळीकडे लागू नाही. गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा आणि केंद्रानं अधिसूचित केलेले पर्यावरण-संवेदनशील प्रदेश तिच्यातून वगळले आहेत. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ पासून आणि माथेरानला २००३ पासून स्वतंत्र अधिसूचना आहे. तिथं घर किंवा लॉज काढायचा असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या आर्किटेक्टचा अंदाज उपयोगी नाही. तिथलीच नियमावली मागून घ्या.

पावसात जागा बघा

हे कुणी करत नाही, म्हणून थोडं लांबवर सांगतो.

सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक. दोन थरांमध्ये पुष्कळदा गेरूसारखा तांबडा, चिकण थर असतो. वरच्या कातळाच्या फटींतून पाणी उतरतं, या थरापाशी अडतं आणि आडवं वाहत जाऊन डोंगराच्या पोटातून बाहेर येतं. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत वाटणारी जागा जुलैत बघा. कुठंतरी उपळ, म्हणजे जमिनीतून वर येणारा पाझर, फुटलेली असते. कातळावर बसलेला मुरूम आणि माती अशा पाण्यानं भरली की जड होते, आणि त्याच वेळी तिची कातळावरची पकड सुटते. दरड येते ती बहुतेक वेळा अशी.

म्हणून जमीन उन्हाळ्यात पसंत केली तरी व्यवहार शक्यतो एक पावसाळा बघून करा. सलग चार दिवस पाऊस झाल्यावर जा. पाणी कुठून येतं, कुठं मुरतं, कुठं पुन्हा वर येतं ते कागदावर काढा. जुन्या माणसांना विचारा की इथं पऱ्या होता का, कुणी बुजवला का. कोकणात प्रत्येक वाडीत असा एखादा व्हाळ असतो, जो नकाशात नाही पण आजीला आठवतो. बुजवलेला ओहोळ आपली वाट विसरत नाही.

आणखी काही खुणा आहेत. झाडांचे बुंधे तळाशी उताराकडे झुकून मग वर सरळ झालेले दिसले, तर तिथली माती हळूहळू सरकते आहे. विजेचा खांब किंवा कुंपणाची ओळ वाकडी, गडग्याला (सुक्या दगडाच्या बांधाला) पोट आलेलं, उताराच्या आडव्या दिशेनं जमिनीला लांब भेग, हे सगळं तेच सांगतं. एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका. दोन-तीन एकत्र दिसल्या तर भूगर्भतज्ज्ञाला बोलवा. त्याची फी जेसीबीच्या दोन दिवसांच्या भाड्याहून फार जास्त नसते.

जोतं आणि काप

डोंगर सपाट करून घर बसवण्याऐवजी घर डोंगराप्रमाणे पायऱ्यांत बसवा. जुनी घरं बघा: ओटी वर, माजघर त्याखाली दोन पायऱ्या, पडवी आणखी खाली. वयस्कर माणसांना गुडघ्याचा त्रास होतो हे खरं आहे, तेव्हा झोपायची खोली आणि न्हाणीघर एका पातळीवर ठेवा. पण सगळं घर एका पातळीवर आणायच्या हट्टापायी चार मीटरचा काप काढू नका.

माझा स्वतःचा दंडक असा: मातीत किंवा मऊ मुरमात दीड मीटरपेक्षा उंच काप अभियंत्याच्या आराखड्याशिवाय काढायचा नाही, आणि कापाच्या तळापासून घराची भिंत किमान कापाच्या उंचीइतकी लांब ठेवायची. हा सरकारी नियम नाही, अनुभवावरून धरलेला आहे. जागा पुरत नसेल तर घर लहान करा. काप काढायचाच तर ऑक्टोबरनंतर काढा आणि मेच्या आत त्याला आधार द्या. उघडा काप पावसाळ्यात ठेवणं हा सगळ्यांत मोठा धोका आहे, मालकाला आणि त्याच्या वरच्या शेजाऱ्यालाही.

पुढं ढकललेल्या मुरमाचं काय? त्याला भराव म्हणतात आणि त्यावर पाया घालायचा नाही. अर्धं घर कापावर आणि अर्धं भरावावर असलं की भराव खचतो आणि मधोमध भेग जाते. पायाचे सगळे खड्डे मूळच्या कठीण मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्या. कोयना परिसरात तर हे डोळ्यांत तेल घालून करा. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथल्या घराघरांत अजून सांगितला जातो. निघालेली माती-मुरूम ट्रकनं बाहेर न्यायचा असेल तर ते गौण खनिज आहे, तहसीलदारांची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. आणि तो ओढ्यात कधीही टाकू नका. खालच्या वाडीची मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, तिथंच तुंबते.

आता संरक्षक भिंत. भिंत मातीला अडवते, पण पाण्याला तिनं वाट द्यायची असते. भिंतीत खालपासून ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची पाझर-छिद्रं ठेवा, साधारण दीड-दीड मीटरवर, वरच्या ओळीतलं छिद्र खालच्या दोहोंच्या मधे येईल असं, आणि प्रत्येकाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार. भिंतीमागे फूटभर जाडीचा दगड-खडीचा थर हातानं रचून घ्या, नाहीतर माती वाहून येऊन छिद्रं बुजतात. पहिल्या मोठ्या पावसात बाहेर उभं राहून बघा. छिद्रांतून स्वच्छ पाणी येत असेल तर भिंत काम करते आहे. गढूळ येत असेल तर मागची माती वाहून जाते आहे. काहीच येत नसेल तर काळजी करा. सुक्या दगडाचा गडगा आणि तारेच्या जाळीत दगड भरलेल्या पेट्या (गॅबियन) यांना छिद्रं लागत नाहीत, पाणी आपोआप झिरपतं. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीला गडगा उत्तम. त्यापुढं गॅबियन किंवा काँक्रीट, तेही हिशेब करून. डोंगराळ भागातल्या अशा भिंतींसाठी भारतीय मानक १४४५८ आहे. आराखडा करणाऱ्याला ते पाहिलंय का एवढं विचारा. उत्तरावरून माणूस कळतो.

भिंतीच्याही आधीचं काम म्हणजे कापाच्या वरच्या बाजूला, कडेपासून थोडं मागे, आडवा चर. डोंगरावरून येणारं पाणी तो उचलतो आणि बाजूच्या ओढ्यात सोडतो. चराचा तळ दगडानं किंवा काँक्रीटनं पक्का हवा. कच्चा चर तिथंच पाणी मुरवतो आणि कापाला आतून भिजवतो. पाणलोट विकासात खणतात ते सलग समतल चर वेगळे. ते पाणी मुरवण्यासाठीच असतात, आणि म्हणून घरांच्या थेट वरच्या मातीच्या उतारावर ते खणू नयेत. चांगल्या हेतूनं झालेली ही चूक मी एकाहून अधिक गावांत पाहिली आहे.

छपराचं पाणीही मोजा. शंभर चौरस मीटरच्या छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. त्या हिशेबानं एका छपरावर साठ हजार लिटर होतात. पागोळ्या जिथं पडतात तिथं एवढं पाणी जोत्याशी मुरू द्यायचं का? पन्हळ लावा, पाइपनं पक्क्या गटारात सोडा, आणि ते गटार शेजाऱ्याच्या मागच्या दारी संपत नाही ना ते बघा. शोषखड्डा आणि पाण्याची टाकी काप किंवा भिंतीच्या वरच्या बाजूला ठेवू नका. गळकी टाकी बारा महिने पाऊस पाडते.

परवानगीच्या बाबतीत एवढंच: नकाशा परवानाधारक अभियंत्याकडून, त्यात मूळ उतार आणि समोच्च रेषा दाखवलेल्या, जोते तपासणी वेळेवर आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. लहान घरांसाठी प्रक्रिया सोपी केली आहे, ती सोय आहे. परवानगी सोपी झाली म्हणून डोंगर सोपा झालेला नसतो.

वाडीनं एकत्र करायची कामं

तुम्ही तुमचं घर कितीही नीट बांधलं तरी वरच्या माणसानं पाणी तुमच्यावर सोडलं तर उपयोग नाही. उतारावर प्रत्येकाचा शेजारी वर आणि खाली असतो. म्हणून पुढची पायरी वाडीची आहे.

जुलैत एका रविवारी शिवारफेरी काढा. छत्र्या, गमबूट, चुना, आणि गटनकाशाची मोठी प्रत. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाण्याच्या प्रत्येक वाटेनं चाला. तुंबलेल्या मोऱ्या, नव्या भेगा, उघडे काप, बुजवलेले पऱ्हे नकाशावर लाल पेन्सिलीनं मांडा. बायकांना आणि गुराख्यांना बरोबर घ्याच. झरा कधी गढूळ झाला हे त्यांनाच आधी माहीत असतं.

मग यादीला क्रम लावा. अनुभव असा की गावाला आधी कमान, सभामंडप किंवा पेव्हर ब्लॉक हवा असतो. त्यात वाईट काही नाही, पण माझ्या मते क्रम असा असावा: वस्तीच्या वरचा पक्का चर, मोऱ्या मोठ्या करणं, मग पाखाडीची दुरुस्ती. पाखाडीला मी फार वर ठेवतो. जांभ्याच्या पायऱ्यांची ही वाट बाजूला गटार ठेवून नीट बांधली तर ती एकाच वेळी रस्ता आणि पाण्याची वाहिनी होते, आणि रात्री म्हाताऱ्यांना उतरवायची वाटही तीच. इर्शाळवाडीत वाहन जाईल असा रस्ता नव्हता. मदतीला गेलेल्यांना डोंगर पायी चढावा लागला.

उघड्या उतारांवर वाळा आणि बांबू लावा, बांधाच्या आडव्या ओळींत. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरतात. झाडांनी खोलवरची दरड थांबत नाही, वरची माती धुपायची थांबते, तेही थोडं नाही.

हे कागदावर आणायची वाट: ग्रामसभेचा ठराव, ग्रामपंचायत विकास आराखड्यात समावेश, शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, १५ टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यांत जो आकडा कमी असेल तो. तेव्हा माणसं जमवणं हे निम्मं काम. ठरावात ‘गावातील गटारे’ असं मोघम लिहू नका. ‘गट क्रमांक अमुकच्या वरच्या हद्दीपासून तमुक ओढ्यापर्यंत, इतके मीटर पक्का चर’ असं लिहा. मोघम ठरावातला चर दुसरीकडेच खणला जातो. काम सुरू झालं की मोजमाप पुस्तकातल्या नोंदी दोघांनी जाऊन बघाव्यात. दाखवत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

नगरपंचायत असेल तर विकास योजनेवर लक्ष ठेवा. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार हरकतींसाठी ३० दिवस मिळतात, आणि पुढं नियोजन समितीसमोर सुनावणी होते. हरकत रागानं लिहू नका, पुराव्यानं लिहा: गट क्रमांक, मोजलेले उतार, जुलैतले फोटो, आणि नेमकी मागणी. ‘हा रस्ता ओढ्यावरून नेला आहे, तो उत्तरेकडं वीस मीटर सरकवावा’ ही मागणी समितीला विचारात घेता येते. ‘डोंगर वाचवा’ एवढंच लिहिलं तर तिचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. पन्नास जणांनी एकाच मजकुराच्या प्रती देण्यापेक्षा दहा जणांनी दहा जागांबद्दल नेमकं लिहिलं तर सुनावणीत जास्त बोलता येतं.

पावसाळ्याची वही

मृगाच्या आधी मोऱ्या आणि चर साफ. शाळेच्या अंगणात उघड्यावर सरळ उभ्या कडांचा, सपाट तळाचा डबा ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजून मिलिमीटरमध्ये लिहा, मग डबा रिकामा करा. सातवी-आठवीची मुलं हे उत्तम करतात. हवामान विभागाच्या भाषेत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस. तालुक्याच्या गावी किती पडला यापेक्षा तुमच्या डोंगरावर किती पडला ते महत्त्वाचं. घाटात दोन खोऱ्यांत दुपटीचा फरक पडतो.

आमच्याकडं ठरवलं आहे ते असं: डब्यात ११५ च्या वर गेलं आणि संध्याकाळी पाऊस चालूच असेल, तर कापाखालची घरं दिवस असतानाच रिकामी. आधीचे चार दिवस सलग पडला असेल तर त्याहून कमी आकड्यालाही. झरा एकदम गढूळ झाला किंवा ओढ्याचं पाणी पाऊस चालू असताना अचानक कमी झालं, तर आकडा न बघता निघायचं. वर कुठंतरी पाणी अडलेलं असतं. कुणी कुणाकडं जायचं, अंथरुणावरच्या माणसाला कोण उचलणार, गुरं कोण सोडणार, हे मेमध्येच नावानिशी लिहून पिठाच्या गिरणीवर लावा. निवाऱ्याची शाळा स्वतःच डोंगराच्या तोंडाशी नाही ना हेही पाहा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक त्याच कागदावर मोठ्या अक्षरात हवा.

ऑक्टोबरात पुन्हा एकदा तीच फेरी. नव्या भेगा चिकणमातीनं ठासून भरा, म्हणजे पुढच्या पावसाचं पाणी आत जाणार नाही, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यातलं अंतर वहीत लिहा. दर महिन्याला मोजा. अंतर वाढत असेल तर वही घेऊन तहसीलदारांकडं जा आणि भूवैज्ञानिक पाहणीची लेखी मागणी करा. बाकीची कामं २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा. जानेवारीत मांडलेला चर निदान मेच्या आत खणून व्हायची आशा असते. मेमध्ये मांडला तर मधे आणखी एक पावसाळा जातो.